मागून येऊन राह्यली

गडचिरोलीच्या धर्मशाळेची पायरी भागीरथा चढली ती नकार ऐकायच्या तयारीनं. डोक्यावर गाठोडं, काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली शिंदीच्या पानांची जुडी, लुगड्याचा काठ वैनगंगेच्या पाण्यानं अजून भिजलेला. एकट्या बाईला धर्मशाळेत खोली मिळत नाही हे भावजयीनं मूल गावी मोटारीत बसवतानाच बजावलं होतं. म्हणून डोंग्यातून नदी ओलांडताना, डोळे घट्ट मिटून, ती मनाशी बोलणं जुळवत आली होती. एकच रात्र. ओसरीचा कोपरा द्या. चूलही मांडणार नाही, सकाळी उठून जाईन.

ओसरीत एक म्हातारा सुपारी कातरत बसला होता. त्यानं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, काखेतली जुडी पाहिली आणि अडकित्ता खाली ठेवला.

"आल्या का? लय उशीर केला बाई. चार दिस झाले तुमच्या मालकाले जाऊन."

भागीरथाचं जुळवलेलं बोलणं तोंडातच राहिलं.

म्हाताऱ्याचं नाव मुखरू. धर्मशाळेची राखण त्याच्याकडं. कंबरेची किल्ली काढता काढता तो सांगत सुटला. तिचा नवरा आठवड्यापूर्वी आला होता, पाठीला पत्र्याची पेटी. एकट्या पुरुषाला इथं ओसरी, खोली फक्त कुटुंबवाल्याला, असं मुखरूनं सांगितल्यावर तो म्हणाला होता, "माही कारभारीण मागून येऊन राह्यली." म्हणून खोली दिली. तीन रात्री राहिला. रोज संध्याकाळी नदीकडून मोटार आली की फाटकाशी जाऊन उभा राहायचा आणि परत येऊन म्हणायचा, नदीपाशी अडली असन जी, ती पाण्याले भिते.

"मी म्हणलं, असा कसा गडी, बायकोले मांगं टाकून येते. पण बोलते मोठा गोड."

बोलतो गोड हे भागीरथाला मुखरूनं सांगायची गरज नव्हती.

नथ्थूशी तिचं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी त्यानं रस्त्यावर काढली होती. तो गॅसबत्त्या दुरुस्त करायचा. लग्नात, दंडारीच्या खेळात, मंडईच्या बाजारात जिथं बत्ती भकभकायला लागली तिथं नथ्थू पाहिजे. पिना, वायसर, बत्तीच्या जाळीच्या म्हणजे मेंटलच्या पुड्या असं सगळं त्या पेटीत, आणि पेटी दोरीनं पाठीला. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही. दारू नाही, दुसरी बाई नाही. फक्त घरी आला की तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे रस्त्याला लागायचे आणि पाचव्या दिवशी पेटी पाठीला लागायची. चार वर्षांमागं असाच गेला, तो आलाच नाही. भागीरथानं दाराला कडी घातली आणि मूलला भावाकडं, नानाजीकडं, येऊन राहिली. शिंदीच्या चटया विणायची. भावानं कधी शब्दानं दुखवलं नाही, पण भावजय ताट वाढताना भांडं जरा जोरात ठेवायची.

मग बेंबाळच्या रामाजीचं विचारणं आलं. बायको वारलेली, दोन लहान मुली, धानाची जमीन, माणूस सरळ. पाट लावायला पंच राजी होते, पण त्यांचं म्हणणं एकच होतं. नवरा जित्ता आहे. त्याच्या हातानं काडी मोडली पाहिजे. नवरा-बायकोनं काडीची दोन टोकं धरायची, दोन साक्षीदारांसमोर मोडायची, आपापला तुकडा घ्यायचा. बाईनं आपला तुकडा आणून पंचांपुढं ठेवला की ती मोकळी. अक्षयतृतीयेचा मुहूर्त ठरला. पाडवा झाला तेव्हा कोणीतरी सांगत आलं की नथ्थू गडचिरोलीच्या बाजारात दिसला. नानाजी निघणारच होता, पण त्याच आठवड्यात बैलानं त्याच्या पायावर पाय दिला. भागीरथा म्हणाली, "मी जाते. आठ दिसात येते."

पहिल्या निवडणुकीनंतरचा दुसरा उन्हाळा होता तो. तिच्या आयुष्यातला मोटारीचा पहिला प्रवास.

मुखरू खोलीचं दार उघडून उभा होता. "जोडीनंच चालल्या ना तुमी?" त्यानं सहज विचारलं. ओसरीत तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची माणसं पाय पसरून बिड्या ओढत होती. मी काडी मोडायला चालली, हे शब्द भागीरथाच्या जिभेवर आले होते. तिनं त्या माणसांकडं पाहिलं, खोलीच्या आतल्या कडीकडं पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "ते म्होरं गेले."

खोलीत कोनाडा काळा झाला होता. तिथं त्यानं बत्ती लावून पाहिली असणार. खाली मेंटलचा रिकामा कागद पडला होता. भागीरथानं तो उचलला, चोळामोळा केला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, सरळ करून गाठोड्यात टाकला. तिला राग आला होता. चार वर्षं ज्यानं साधं पोष्टकार्ड टाकलं नाही तो तिच्या नावावर कड्या लावून निवांत झोपत होता. आणि तीही आज त्याच्या नावावर कडी लावूनच झोपली.

चामोर्शीला तर कहरच झाला.

तिथली राखण सोनीबाईकडं होती. मार्कंड्याला दर्शनाला जाणारे लोक तिच्याकडं उतरायचे. भागीरथा मोटारीतून उतरून अंगणात आली तशी सोनीबाई आत गेली आणि दोन फाटक्या चटया घेऊन बाहेर आली. त्या तिनं भागीरथापुढं टाकल्या.

"तुया नवरा सांगून गेला, माही बायको येईन अन् विणून देईन. म्हणून मी बुरडाले दिल्या नाई."

भागीरथानं विचारलं, आणखी काय काय सांगून गेला. सोनीबाई चुलीपुढं बसून हसत हसत सांगू लागली. तुझी बायको कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणे, ठेंगणी आहे पण आवाज उंच आहे. नदीला भिते, सापाला भीत नाही. रागावली की बोलत नाही, चटई विणायला बसते. जेवढा राग मोठा तेवढी चटई मोठी. एकदा एवढी मोठी विणली की घरात मावली नाही, शेवटी देवळात नेऊन टाकावी लागली.

"खरं आहे का?"

"देवळातली खरी आहे," भागीरथा म्हणाली. "घरात मावत नव्हती हे खोटं."

तिनं पानं भिजत घातली. दुसऱ्या दिवशी पानं चिरून पट्टी विणायला घेतली, पट्टीला पट्टी जोडली, तिसऱ्या दिवशी काठ बांधला. तोवर नथ्थू आष्टीला गेला होता. ती आष्टीला पोचली तेव्हा तो घोटच्या बाजाराला जाऊन तिथूनच पुढं निघून गेला होता, आणि आष्टीच्या देवळामागच्या सराईत तिच्यासाठी एक चटई, झाडायचे दोन फडे आणि कुण्या पुजाऱ्याच्या आईची बसायची बसकूर तेवढी ठेवून गेला होता. तो पुढं बत्त्या पेटवत चालला होता आणि मागं तिच्या नावानं कामं पेरत चालला होता. सगळीकडं लोक तिला ओळखत होते. पायरी चढली की कोणीतरी म्हणायचं, आली का बाई. जन्मात पहिल्यांदा पाहिलेल्या गावात आपली वाट पाहिली जाते आहे, याचं तिला आधी हसू यायचं, मग चीड यायची, आणि रात्री पाठ टेकल्यावर दोन्ही विरून जाऊन नुसती एक हुरहुर उरायची.

ती हुरहुर कशाची, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पहाटे मोटारीचा भोंगा वाजला की तिची झोप उडायची. आज जायचं नाही हे ठाऊक असलं तरी पाय अंथरुणात थांबायचे नाहीत. हात पट्टी विणत असायचे आणि कान रस्त्यावर. मोहाची फुलं गळायचे दिवस होते ते. गावाबाहेर पडलं की गोड, आंबूस वास मोटारीत शिरायचा, झाडाखालून बाया टोपल्या घेऊन उठायच्या, मोटारीकडं पाहत उभ्या राहायच्या. भागीरथा खिडकीतून त्यांच्याकडं पाहायची. मागच्या वर्षी या दिवसात तीही अशीच वाकून मोह वेचत होती. मोटारीतलं कोण कुठं जातं, याचा विचार तेव्हा तिनं केला होता का? आठवत नव्हतं. विणता विणता तिच्या तोंडात ओवी यायला लागली होती. आई जात्यावर म्हणायची त्या चालीवर, पण शब्द हिचे.

*मोटार गेली बाई, धूर राह्यला वाटेले,*
*कुंकू माह्या कपाळाले, धनी कोन्या फाट्याले.*

आष्टीपासून पुढं तिला बिरजूची मोटार मिळाली. बिरजू ड्रायव्हर गडचिरोली ते सिरोंचा एकच रस्ता वर्षानुवर्षं चालवत होता. लोक त्याच्याजवळ निरोप द्यायचे, तांदळाची चुंगडी द्यायचे, एकदा कोणी नवरीचं लुगडं दिलं होतं. भागीरथाला त्यानं आपल्यामागच्या बाकावर बसवलं आणि नथ्थूचं नाव निघताच मान हलवून म्हणाला, तो बत्तीवाला ना, तो दर खेपेला सांगते, कारभारीण मागून येऊन राह्यली. "मले वाटे, बाई नाईच. त्यानं मनानंच केली."

"आहे," भागीरथा म्हणाली, "पण आता राहणार नाई." आणि पहिल्यांदाच तिनं कोणाला तरी काडीचं सांगितलं. बिरजूनं वळणावर भोंगा वाजवला. सागाचं रान दोन्ही बाजूंनी सरकत होतं, पानं झडलेली, उंच, सरळ. नंतर तो इतकंच म्हणाला की सिरोंच्याला पोचलात तर साक्षीला मी उभा राहीन.

आलापल्लीला लाकडाच्या डेपोजवळ मजुरांसाठी बांधलेली लांबलचक पडवी होती, कडेला दोन खोल्या. तिथं इतवारी म्हणून एक गोंड माणूस राखणीला होता. तो फार बोलायचा नाही. त्यानं खोली दाखवली आणि एक लांब फाटकी चटई दाखवली, बस्स. दारावर नथ्थूनं दुरुस्त केलेली बत्ती टांगलेली होती. नथ्थू त्याच दिवशी सकाळी सिरोंच्याला गेला होता, तिथं लग्नं आहेत, आठवडाभर हलणार नाही.

म्हणजे आता तो सापडलाच होता. परवा सकाळची मोटार धरली की दुपारपर्यंत काम आटोपतं. अक्षयतृतीयेला अजून नऊ दिवस होते. भागीरथा विणायला बसली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या जोडून झाल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे भोंगा वाजला तेव्हा फक्त काठ बांधायचा राहिला होता. बिरजूनं मोटार पडवीसमोर आणून उभी केली, खिडकीतून हाक मारली. इतवारी तिच्याकडं पाहत होता. त्यानं तिच्या हातातली चटई धरली आणि आपल्या तुटक मराठीत सांगितलं, जा बाई, काठ मी बांधतो, मला येतो.

भागीरथानं चटई सोडली नाही.

"होऊन जाऊ दे," ती बिरजूला म्हणाली. "उद्या येते."

मोटार गेली. धूर खाली बसला. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. इतके दिवस तिला वाटत होतं, त्या लबाडानं पेरून ठेवलेल्या कामांमुळं आपल्याला उशीर होतो आहे. पण आजचा उशीर तिचा स्वतःचा होता. नथ्थू सापडला की काडी मोडायची, काडी मोडली की परतीची मोटार, परतीची मोटार म्हणजे बेंबाळ. रामाजी सरळ माणूस होता. त्याचं अंगण तिनं एकदा पाहिलं होतं, शेणानं सारवलेलं, चारही बाजूंनी कूड घातलेला. त्या अंगणात उभं राहून पहाटे भोंगा ऐकू येईल का, असं तिच्या मनात आलं आणि तिनं काठाची गाठ इतकी ओढली की पान तुटलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

सिरोंच्याच्या धर्मशाळेचा राखणदार राजन्ना नावाचा तेलंगी माणूस होता. त्याच्या ओसरीत, खांबाला टेकून, उघड्या पेटीसमोर नथ्थू बसला होता. केस कानाशी पांढरे झाले होते. बत्तीच्या नळीत पिन घालून तो डोळा बारीक करून पाहत होता. पायरीवर सावली पडली तशी त्यानं मान वर केली. पिन हातातून खाली पडली.

पण आधी ओरडला तो राजन्ना. गेली तीन वर्षं हा माणूस इथं येऊन सांगतो, बायको मागून येते. पहिल्या वर्षी त्यानं खोली दिली, दुसऱ्या वर्षी दिली, यंदा म्हणाला, पुरे झालं, जा ओसरीत झोप. आणि यंदाच बाई खरी निघाली. तो कपाळावर हात मारून घेत होता, किल्ली शोधत होता, अम्मा अम्मा म्हणत होता. भागीरथानं त्याला थांबवलं.

"खोली नको, अण्णा. मी काडी मोडाले आली."

राजन्नाचा हात कमरेशीच राहिला. नथ्थू उठून उभा राहिला होता. तो काहीतरी गोड बोलेल म्हणून ती वाट पाहत होती, त्याला द्यायची उत्तरं तिनं सगळ्या रस्त्यात तयार ठेवली होती. पण तो तिच्या पायांकडं पाहत राहिला. टाचा भेगाळलेल्या, घोट्यापर्यंत तांबडी धूळ.

"नदी कशी ओलांडली?" त्यानं शेवटी विचारलं.

"डोळे मिटून."

"हाव," तो म्हणाला. मग म्हणाला, "मोडू. तुयावालं खरं आहे. मीच येऊन मोडाले पायजे होती."

बिरजूची मोटार दुपारी परत फिरायची होती. त्याच्याआत उरकायचं ठरलं. बिरजू आणि राजन्ना साक्षीला उभे राहिले. काडी कुठली घ्यायची, तर नथ्थूनं तिच्या जुडीतली एक शीर ओढली, शिंदीच्या पानाची, हातभर लांब. तेवढी तरी तिच्या हातची असू दे, असं काहीसं तो पुटपुटला. एक टोक त्यानं धरलं, एक तिनं. दोघांनी वाकवली.

ती मोडेना. दोन दिवस ओल्या फडक्यात राहिलेली ती शीर, विणायला म्हणून मऊ केलेली. वाकवावी तशी वाकत होती, पिळावी तशी पिळली जात होती. नथ्थूनं गाठ मारून ओढली. भागीरथानं दाताशी धरली. बिरजू गंभीर चेहऱ्यानं उभा होता, पण त्याचे खांदे हलायला लागले. राजन्ना म्हणाला, ही तर म्हशीला बांधायच्या कामाची आहे.

भागीरथाला हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला, तरी थांबेना. नथ्थूही हसत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं बत्तीच्या फडक्यानं पुसलं, तर गालाला काजळी लागली. कधीकाळी ती त्याच्या गालाची काजळी पदरानं पुसायची. हात थोडा वर आलाही होता. तिनं तो परत खाली नेला.

राजन्नानं कुंपणातली एक वाळकी काटकी आणून दिली. ती एका दमात मोडली. आवाज एवढासा, वाटाण्याची शेंग फुटावी एवढा. दोघांनी आपापला तुकडा घेतला. नथ्थूनं आपला पेटीत पिनांच्या डबीत ठेवला. भागीरथानं मेंटलच्या त्या जुन्या कागदात आपला गुंडाळला.

बिरजू मोटारीकडं गेला. राजन्ना पाणी आणायला आत गेला. नथ्थू पेटी आवरत होता, पण आवरून झालं तरी झाकण लावत नव्हता.

"भागीरथा, एक विचारू?"

"विचार."

"मी आताही म्हणत जाऊ का? मागून येऊन राह्यली म्हणून." त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "ओसरीत थंडीचे दिस निघत नाई आता."

इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडं काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, जुडी काखेत धरली.

"म्हण," ती म्हणाली. "मीबी म्हणत जाईन, म्होरं गेले. पण चटया कबूल करशीन त विचारून कर. आष्टीच्या म्हातारीची बसकूर चार बोटं मोठी झाली."

मोटार आलापल्लीला पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. इतवारी पडवीत तिच्याच चटईवर बसला होता. तिथून एक रस्ता गडचिरोलीला जायचा, एक अहेरीला, आणि तिसरा आत, एटापल्लीकडच्या रानात, जिथं आठवड्यातून दोनदा डेपोचा ट्रक माणसं घेऊन जायचा. भागीरथा उतरली. बिरजूला वाटलं पाणी प्यायला उतरली. ती त्याच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि पदराची गाठ सोडून काडी गुंडाळलेला तो कागद तिनं वर केला.

हा पंचांपुढं ठेवायला मूलला नानाजीकडं पोचवायचा, म्हणाली. नदीच्या त्या काठच्या ड्रायव्हरच्या हातात द्या, तो देईल. बेंबाळच्या रामाजीला निरोप द्यायचा, की माणूस चांगला आहे तू, अक्षयतृतीया वाया घालू नको, दुसरी पाहा, आणि पोरींसाठी एक चटई पाठवते मी, पहिली विणून होईल ती.

बिरजूनं कागद टोपीत खोवला. त्यानं अहेरीच्या रस्त्याकडं पाहिलं, मग आतल्या रस्त्याकडं, मग तिच्याकडं. कोण्या रस्त्यानं जाणार हे त्यानं विचारलं नाही.

"अन् भाऊ विचारन, बहीण कुठी आहे, त त्याले काय सांगू?"

मोटार घरघरत होती. इतवारीनं उठून खोलीची कडी काढली होती, कोणाबरोबर आहात हे न विचारता. भागीरथानं काखेतल्या जुडीचं फडकं चाचपून पाहिलं. वाळत आलं होतं, संध्याकाळच्या आत भिजवायला हवं होतं.

"सांगा," ती म्हणाली, "मागून येऊन राह्यली."